दस्त मोबाईलवर तयार होतो, मग वकिलाला फी कशाची?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई डिचोली तालुक्यात वकिली करतात, वय पंचेचाळीसच्या आसपास. कोर्टात उभं राहण्यापेक्षा जमिनीची कामं जास्त, म्हणजे सेल डीड, गिफ्ट डीड, बँकांचे टायटल रिपोर्ट (जमिनीची मालकी तपासून दिलेलं मत), वारसांच्या इन्व्हेंटरी (मृताच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची प्रक्रिया). जुने पोर्तुगीज कागद वाचायला त्या आपल्या सीनियरांकडे शिकल्या आणि तालुक्यात नाव झालं ते त्यावरच. अलीकडे लोक चॅटजीपीटीनं लिहिलेला दस्त मोबाईलवर घेऊनच येतात आणि फीवरून घासाघीस करतात. जुन्या अशिलाचा बंगळुरूला आयटीत असलेला मुलगा असाच ड्राफ्ट घेऊन आला. ताईंनी तो वाचला आणि विचारलं, 'तुझ्या आत्याचं लग्न कुठे नोंदवलंय?' त्यातून कळलं की दोन सह्या राहिल्यात. मुलानं आभार मानले आणि वर म्हणाला, 'मावशी, पण लिहिलेलं तर सगळं होतं, मग पंधरा हजार कशाचे?' तेव्हापासून ताई एआयच्या चुकांचे स्क्रीनशॉट जमवतायत. ऑफिसातला ज्युनियर सगळं एआयकडूनच लिहून घेतो. मुलगी बारावीला आहे, तिला लॉ करायचंय. ताई विचारतात: माझी वीस वर्षं फुकट गेली का, ऑफिस भाड्यानं देऊन मोकळी होऊ का, आणि मुलीला अडवू का?

ताई,

पंधरा हजारांचा उल्लेख पत्रात पुन्हा पुन्हा आलाय, पण पैशांचं तुम्हाला तेवढं लागलेलं नाही असं मला वाटतं, लागलंय ते 'लिहिलेलं तर सगळं होतं' हे वाक्य. ज्या कामासाठी लोक सकाळी येऊन बाकावर बसून राहायचे ते काम आता कुणीही घरबसल्या करून आणतं आणि वर तुम्हालाच हिशोब विचारतं, हे कुणालाही झोंबेल. तुम्ही वर्षं घातलीत, सीनियरांची बोलणी खाल्लीत, वाईट वाटणारच, आणि मी दोन गोड शब्द बोलून ते घालवायला बसले नाहीये. पण त्या मुलाचा प्रश्न जरा त्याच्या तोंडातून काढून टेबलावर ठेवून बघा, कारण प्रश्न वाईट नाही. पंधरा हजार कशाचे? तुम्ही त्याला उत्तर दिलंत असं पत्रात कुठे दिसत नाही. मला वाटतं आजवर कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून उत्तर तयार करायची वेळच आली नाही.

नावं खोडून तुम्ही त्या ड्राफ्टची कॉपी पाठवलीत ते बरं केलंत, मी ती नीट वाचली. इंग्रजी अगदी स्वच्छ, एकही स्पेलिंग चुकलेलं नाही, कलमांना नंबर, शेवटी शेड्यूल, साक्षीदारांच्या सह्यांना जागा, कुणी वकिलानं लिहिलाय असंच वाटावं. आणि मग मध्येच ते एक वाक्य: विक्रेता या मिळकतीचा एकमेव आणि पूर्ण मालक आहे, कारण ती त्याला वडिलांकडून हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे मिळालीय. देशात इतर ठिकाणी कुणाच्या डोळ्याला हे वाक्य खटकणार नाही. गोव्यात मात्र तिथेच दस्त कोसळतो.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते. आपल्याकडे 1867 चा पोर्तुगीज सिव्हिल कोड 1870 पासून लागू झाला, 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तरी 1962 च्या कायद्यानं तो तसाच चालू ठेवला, आणि वारसाचा भाग आता 2012 च्या आपल्या राज्याच्या कायद्यात आहे, जो 2016 पासून अमलात आला. त्यामुळे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, वारशानं आलेलीसुद्धा. एकट्यानं सही करून जमीन विकता येत नाही. मुलीचा वाटा मुलाएवढाच, आणि तिच्या वाट्यात तिचा नवरा, म्हणून मेव्हण्यांच्याही सह्या. सुप्रीम कोर्टानं तर 2019 मध्ये सांगितलं की गोंयकाराची गोव्याबाहेरची जमीनसुद्धा वारसाच्या बाबतीत याच कायद्यानं जाते. ही सगळी पार्श्वभूमी त्या एका वाक्यात पुसली गेली होती.

आता तुम्ही म्हणाल, बघा, हेच तर मी सांगतेय, मशीन चुकतं. आणि तिथेच मला तुम्हाला थांबवायचंय.

कारण मी त्याच टूलला परत विचारलं, फक्त एवढंच जास्त सांगितलं की जमीन गोव्यात आहे आणि मालक गोव्याचा आहे, तर त्यानं सामाईक मालमत्ता, दोघांच्या सह्या, बहिणींचे वाटे, सगळं बरोबर लिहून दिलं. म्हणजे कायदा त्याला येतो, पोराला विचारता आलं नव्हतं. तुमच्या स्क्रीनशॉटच्या फोल्डरमधल्या निम्म्या तरी चुका अशाच निघतील, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच पुढच्या वर्षी होणार नाहीत. मशीनच्या चुका आहेत हे खरंच आहे, मी नाकारत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, कधी झालेच नव्हते असे निवाडे सादर केले आणि 5,000 डॉलरचा दंड भरला. बेंगळुरूच्या आयकर अपिली न्यायाधिकरणाला डिसेंबर 2024 मधला एक आदेश मागे घ्यावा लागला कारण त्यात उल्लेख केलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2024 मध्ये खास वकिलांसाठी बनवलेली, पैसे मोजून घ्यायची टूल्स तपासली तर 17 ते 33 टक्के उत्तरांत काही ना काही बनावट किंवा चुकीचं निघालं. हे आकडे गंभीर आहेत. पण तुमची किंमत या आकड्यांवर टांगून ठेवलीत तर मशीन सुधारेल तसतशी तुमची किंमत खाली येणार, आणि तुम्ही रोज सकाळी उठून दुसऱ्यानं चुकावं अशी वाट बघत बसणार. असं जगायला नको. शिवाय अशील म्हणेल, वकील चुकत नाहीत का? आणि त्याच्याकडेही उदाहरणं असतील.

मग त्या दिवशी तुमच्या टेबलावर झालं काय, ते परत बघू. मुलगा म्हणाला वारस मी एकटाच. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या घरात आत्या म्हणजे सावंतवाडीला दिलेली बहीण, चवथीला माहेरी येते, नारळ घेऊन जाते, तिचा जमिनीशी काय संबंध, असंच तो लहानपणापासून ऐकत आलाय. टूलनं त्याला 'अजून कुणी वारस आहेत का' असं विचारलं असतं, आणि चांगलं टूल विचारतंही, तरी त्यानं 'नाही' असंच टाईप केलं असतं. तुम्ही त्याला वारस विचारलेच नाहीत. तुम्ही थेट आत्याच्या लग्नाची नोंदणी विचारलीत, कारण आत्या आहे हे तुम्हाला माहीत होतं, सावंतवाडीला दिलीय हेही माहीत होतं, आणि लग्न गोव्यात नोंदवलं की बाहेर, आधी करार झाला होता का, यावर नवऱ्याच्या सहीचं काय करायचं ते अवलंबून असतं हेही माहीत होतं. अशील जे सांगत नाही, कारण ते सांगायचं असतं हेच त्याला ठाऊक नसतं, ते तुम्ही बाहेर काढलंत. पंधरा हजार त्याचे होते. तुम्हीच इतकी वर्षं ते 'ड्राफ्टिंग फी' या नावानं घेत आलात, म्हणून लोकांना वाटतं की पैसे टायपिंगचे आहेत, आणि टायपिंग आता फुकट झालंय.

इथे एक कडू गोष्टही बोलायला हवी. तुमची काही किंमत खरंच गेलीय आणि ती परत येणार नाही. पोर्तुगीज वाचता येणं ही तालुक्यात दोघातिघांकडे असलेली गोष्ट होती, त्या टंचाईचे पैसे तुम्हाला मिळत होते, आणि आता छापील किंवा टाईप केलेला पोर्तुगीज कागद कुणाचाही फोन वाचून दाखवतो. हस्तलिखित अजून अडतं, जुनं वळणदार अक्षर, पुसट शाई, मध्येच संक्षेप, पण तेही हळूहळू सुटत चाललंय. बँकेचा ठरलेल्या साच्यातला टायटल रिपोर्ट, त्याचाही दर खाली येईल. यात अन्याय झाला असं मला वाटत नाही. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या मुंडकाराला, म्हणजे मालकाच्या संमतीनं त्याच्या जागेत घर करून राहणाऱ्याला, नोटीस आली तर तिच्यात काय लिहिलंय हे कळायला आजवर वकिलाकडे जावं लागायचं, एक दिवसाची मजुरी बुडायची, आता त्याची नात मोबाईलवर वाचून सांगते. ते चांगलंच झालंय ताई, आणि तुम्ही मुंडकारांच्या केसेस कमी फीत घेता असं पत्रात लिहिलंय म्हणजे तुम्हालाही मनातून ते पटत असणार. आपल्याला जे येतं ते दुसऱ्याला येत नाही, एवढ्यावरच आपली इज्जत उभी असेल तर दुसरा शिकला की आपल्याला वाईट वाटणार, आणि तुम्ही तशा बाई वाटत नाही.

यावर अमेरिकेतल्या संशोधकांनी एक मोठा अभ्यास केलाय. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कस्टमर सपोर्टमधली सुमारे 5,000 माणसं, त्यांना एआयचा मदतनीस दिला, तर कामाचा वेग सरासरी 14 टक्क्यांनी वाढला, पण नवख्यांचा 34 टक्क्यांनी, आणि जुन्या मुरलेल्यांना जवळपास काहीच फायदा नाही. कारण त्या मदतनिसाला शिकवलं होतं मुरलेल्यांच्याच संभाषणांवरून. हा निष्कर्ष बराच काळ माझ्या डोक्यात राहिला. मुरलेल्या माणसाची नेहमीची उत्तरं सगळ्यांना मिळायला लागली की त्या उत्तरांना वेगळी किंमत राहत नाही, जी राहते ती नेहमीच्या नसलेल्या प्रसंगाला. आणि गोव्याच्या जमिनीत नेहमीचं असं काय असतं?

जमिनीचंच घ्या. जुन्या नोंदणीतलं वर्णन, चार सीमा, पूर्वेला अमक्याचं भाट, पश्चिमेला व्हाळ म्हणजे ओढा, उत्तरेला तमक्याचे वारस, ती सगळी माणसं कधीच गेलेली. त्यानंतर सर्व्हे झाला, नवे नंबर आले, फॉर्म एक-चौदा, म्हणजे गोव्यातला सातबारासारखा उतारा, आला. जुनं वर्णन म्हणजे आजचा कुठला सर्व्हे नंबर, पूर्ण की अर्धा, हे जुळवायचं काम कुठलंही टूल ऑफिसात बसून करू शकत नाही, कारण उत्तर कागदात नसतंच, ते कुणातरी म्हाताऱ्याच्या डोक्यात किंवा व्हाळाच्या जुन्या पात्रात असतं. एक-चौदावर 'इतर हक्क' रिकामं आहे म्हणून जागा मोकळी, असं मशीन सांगेल, आणि तुम्ही जाऊन बघाल तर कोपऱ्यात चिरेबंदी जोतं, तुळस, वीजमीटर, दोरीवर धुणं. मुंडकार. 1975 च्या कायद्यानं त्याला तिथून सहजासहजी हलवता येत नाही आणि घर विकत घ्यायचा हक्क त्याला आहे, कागदावर त्याचं नाव असो वा नसो. हे जाऊन बघण्याचे पैसे आहेत.

आणि याहून मोठी गोष्ट, जी मला वाटतं तुम्ही स्वतःच विसरलाय. 2022 मध्ये जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी सरकारला एसआयटी नेमावी लागली, मग निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग. काय निघालं त्यात? पोर्तुगीज काळातले वाटावेत असे बनावट दस्त. मालक परदेशात किंवा वारलेले, घर बंद, आणि कुणीतरी एक जुनं दिसणारं विक्रीखत पुढे करतो. आता विचार करा, असा बनावट दस्त तुम्ही एआयला दिला तर ते काय करेल? सुंदर भाषांतर करून देईल. नावं, तारखा, क्षेत्रफळ, सगळं व्यवस्थित. समोर ठेवलेला कागद ते वाचतं, तो कागद ठेवला कुणी आणि का हे विचारायला ते पणजीला पुराभिलेखात जात नाही, मूळ वही मागवत नाही, आधीच्या आणि नंतरच्या पानाची शाई, अक्षर, पानांचे क्रमांक बघत नाही, ज्या नोटरीची सही आहे तो त्या साली तिथे होता का हे शोधत नाही. वाचणं जितकं सोपं झालंय तितकाच बनावट कागद तयार करणंही सोपं झालंय, हे लक्षात घ्या, उद्या एकोणिसाव्या शतकाच्या थाटाचं पोर्तुगीज कुणीही लिहून काढेल. तुमचं पोर्तुगीज भाषांतरासाठी स्वस्त झालं असेल, पण कागदावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्यासाठी ते आजच जास्त लागणार आहे.

त्याला जोडूनच सहीचा मुद्दा. टायटल रिपोर्टखाली तुमची सही आणि सनदेचा नंबर असतो. चुकलात तर अशील तुम्हाला धरू शकतो, बार कौन्सिलकडे तक्रार करू शकतो, तालुक्यात तुमचं नाव जाऊ शकतं. टूलच्या प्रत्येक पानाखाली लिहिलेलं असतं की चूक होऊ शकते, खात्री करा. कुणीतरी जबाबदारी घेतं याचे लोक पैसे देतात, फक्त ते त्यांना सांगावं लागतं.

म्हणून आधी फीचं बघा. माझी विनंती आहे की 'ड्राफ्टिंग' हा शब्द बिलातून काढून टाका किंवा त्याच्यापुढे अगदी छोटी रक्कम लिहा, आणि बाकीचं वेगळं मांडा: वारस आणि लग्नाच्या नोंदी तपासणं, जुन्या नोंदणीचा सर्व्हेशी मेळ, जागेवर जाऊन पाहणी, पुराभिलेखात शोध लागला तर तो, आणि शेवटी लेखी मत. एक पान पुरेल, काम सुरू करायच्या आधीच हातात द्या. वकिलांना जाहिरात करता येत नाही, पण स्वतःच्या अशिलाला आपण काय करतो हे सांगायला कुणी बंदी केलेली नाही. काम झाल्यावर अजून एक पान द्या, काय काय बघितलं, काय सापडलं, काय बघता आलं नाही. हे दुसरं पान फार महत्त्वाचं आहे असं माझं मत आहे, कारण चांगलं काम झालं की काहीच घडत नाही, भांडण होत नाही, नोटीस येत नाही, आणि अशिलाला वाटतं वकिलानं काही केलंच नाही.

मोबाईलवर ड्राफ्ट घेऊन कुणी आलं तर नाक मुरडू नका. घ्या, वाचा, जे बरोबर आहे त्याला बरोबर म्हणा, आणि तपासणीची फी लावा. जो माणूस आधी वाचून येतो त्याला अर्धं समजलेलं असतं, तुमचा समजवायचा वेळ वाचतो. काही जण तपासणीही नको म्हणतील, जाऊ देत त्यांना. त्यांतले काही पाचेक वर्षांनी दावा घेऊन येतील, तेव्हा मागचं काढून बोलू नका.

स्वतः टूल वापरा, हे मी आग्रहानं सांगते. वारसांचा वंशवृक्ष मांडायला, तारखांची यादी करायला, पोर्तुगीज कागदाचं पहिलं कच्चं भाषांतर, पहिला मसुदा, सगळ्याला चालेल. पण निवाडा कुठलाही असो, मूळ जागी उघडून वाचल्याशिवाय लिहायचा नाही, सुप्रीम कोर्टाचे निवाडे 2023 पासून ई-एससीआर या कोर्टाच्याच ऑनलाईन संग्रहावर फुकट मिळतात, त्यामुळे सबब सांगायला जागाच नाही. आणि अशिलाचे आधार, पॅन, बँकेचे कागद, घरातली भांडणं फुकटच्या ॲपमध्ये टाकू नका. नावं बदलून, नंबर काढून मगच. अशिलाचं गुपित राखणं हे तुमचं कर्तव्य आहेच, आणि समोरच्या मोबाईलमधल्या ॲपवर ते बंधन नाही, हे अशिलालाही सांगा, बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता ज्युनियर, आणि खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्याची. तुम्ही एका ओळीत त्याला उरकलंय. तुम्ही कशा शिकलात आठवा. सीनियरांनी दहा-दहा वेळा तोच दस्त परत लिहायला लावला असेल, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात इंडेक्स चाळायला बसवलं असेल, त्या कंटाळवाण्या कामातच कधीतरी डोळ्याला सवय लागली की इथे काहीतरी खटकतंय. आत्याचा प्रश्न तिथून आला. ते कंटाळवाणं काम आता मशीन करतं, म्हणजे त्या पोराला खटकायला शिकवणार कोण? सगळ्याच व्यवसायांत हा पेच आहे, सीएंकडे आर्टिकलशिप करणारी पोरं, आर्किटेक्टकडे प्लॅन काढणारी, पॅथॉलॉजीत स्लाईड बघणारी, सगळीकडे. टूल वापरू नको म्हणून सांगितलंत तर तो लपून वापरेल. त्यापेक्षा क्रम बदला. फाईल आली की आधी कागद वाचून स्वतःच्या हातानं प्रश्नांची यादी करायची, कोण वारस, कोणाची सही, काय कमी आहे. मग टूल उघडायचं. मग दोन्ही घेऊन तुमच्याकडे यायचं आणि तुम्ही फक्त त्याच्या यादीत काय राहिलं तेवढं बोलायचं. आठवड्यातून एकदा तरी त्याला जागेवर न्या, घरातल्या बायकांशी बोलायला लावा, कारण घराण्यातलं कोण कुठे दिलंय हे त्यांनाच पाठ असतं. यात तुमचा वेळ जाईल आणि त्याचे पैसे कुणी देणार नाही. तरी करा. तुमच्या सीनियरांनीही त्याचे पैसे घेतले नव्हते.

ऑफिस भाड्यानं द्यायचं म्हणता, तर तो पर्याय मी वेडगळ म्हणणार नाही. डिचोलीच्या बाजारात जागा असेल तर बऱ्यापैकी भाडं येईल, आणि वीस वर्षांनी थकवा आला असेल तर थांबण्यात काही कमीपणा नाही. पण आधी गेल्या दोन वर्षांचा हिशोब काढा, कुठल्या कामाची किती फी आली. निम्म्याहून जास्त पैसे बँकेच्या रिपोर्टांतून येत असतील तर धोका खरा आहे, ते काम कमी होणार हे धरूनच चाला आणि वर्षभरात इन्व्हेंटरी, वाटण्या, मुंडकार-कूळ प्रकरणं यांचं प्रमाण वाढवा. ते आधीच जास्त असेल तर तुम्ही घाबरलाय ते एका मुलाच्या एका वाक्याला, आणि त्यावरून ऑफिसची किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊ नये.

हे वाचणाऱ्यांत असेही असतील ज्यांना ताईंसारखा दुसरा आधार नाही. कोर्टाबाहेर अर्ज टाईप करून देणारे, पानावर दर घेऊन भाषांतर करणारे, डीटीपीवाले. तुमचं बरंचसं काम थेट जाणार आहे, आणि 'नवीन कौशल्य शिका' एवढं सांगून हात झटकणं मला बरं वाटत नाही. पण तुमच्यातले बरेच जण नुसतं टाईप करत नाहीत हेही मी बघितलंय. म्हापशाला अर्ज करून देणारे गृहस्थ समोरच्या म्हातारीला सांगतात की हा अर्ज मामलेदाराकडे चालणार नाही, आधी तलाठ्याकडून दाखला आण, आणि उद्या येऊ नकोस, उद्या साहेब रजेवर आहेत. ती सेवा आहे, आणि एखाद्या वकिलाच्या ऑफिसाला अशा माणसाची गरज असते. ताई, तुम्हालाही असेल. विचार करून बघा.

राहिली मुलगी. 2016 मध्ये एआयच्या संशोधनातले दिग्गज जेफ्री हिंटन, ज्यांना पुढे नोबेल मिळालं, ते म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आताच थांबवायला हवं, पाच वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. पाच वर्षं कधीच उलटून गेली, मशीन खूप सुधारलं, आणि रेडिओलॉजिस्टांची मागणी आजही आहे. एवढ्या मोठ्या माणसाचा अंदाज जिथे चुकला तिथे तुमच्या-माझ्या अंदाजावर सतरा वर्षांच्या मुलीची वाट अडवू नका. पण तिला 'काही होत नाही गं, वकील लागतातच' असंही सांगू नका, कारण तिची पहिली काही वर्षं तुमच्यापेक्षा कठीण जाणार आहेत, ज्युनियरना मिळणारं सोपं काम कमी झालेलं असेल. हे तिला स्पष्ट सांगा. परीक्षा संपली की मे महिन्यात तिला ऑफिसात बसवा, अशील येताना-जाताना ऐकू दे, एकदा पणजीला वही बघायला घेऊन जा, एकदा भांडणाच्या वाटणीला. तिथे तिचा जीव रमतोय की ती मोबाईल बघत बसतेय हे तुम्हाला लगेच कळेल, तिलाही कळेल.

आणि ती लॉला गेलीच तर सोबत पोर्तुगीज शिकू दे. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात, आणि घरी तुम्ही आहातच. जमलं तर मोडीसुद्धा, कारण डिचोली, सत्तरी, पेडणे या आपल्या बाजूचे जुने कागद मोडीतही आहेत. लोक विचारतील, भाषांतर तर फोन करतो, कशाला? तिला उत्तर माहीत असेल.